पंचेचाळीस मिलिमीटरची वाट

रेल्वेचा इतिहास आपल्याकडे प्रामुख्याने इंजिनांचा, पुलांचा आणि उद्घाटनांचा लिहिला गेला आहे. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, हे शाळकरी मुलालाही पाठ असते. इंजिनाचे नाव विचारले तर दोन-तीन हौशी हातही वर होतात. पण रुळांना रूळ कसा जोडला, जोडात फट किती ठेवली, खालची खडी कुठली, हे विचारणारा विरळा. रूळ हा गाडीच्या खाली असतो, तसा इतिहासातही खालीच राहिला.

मी गेली काही वर्षे बार्शी लाइट रेल्वेची कागदपत्रे वाचतो आणि तिचे उरलेसुरले भराव पायी पाहत हिंडतो. शिक्षण वाणिज्य शाखेचे. अभियांत्रिकी जे काही कळते ते जुन्या पुस्तकांतून आणि निवृत्त गँगमनांच्या ओट्यावर बसून मिळवलेले. या शोधात एक अडचण वारंवार येत असे. हलका रूळ हाताने कसा टाकतात आणि कसा राखतात, हे प्रत्यक्ष पाहायला आता जागाच नव्हती. नॅरोगेज उखडली गेली, ब्रॉडगेजवर यंत्रे आली. शेवटी ती विद्या मला भलत्याच ठिकाणी जिवंत सापडली, आणि ते ठिकाण म्हणजे घराच्या बागेत, उघड्यावर छोटी रेल्वे चालवणाऱ्या हौशी माणसांचा जगभर पसरलेला उद्योग. दिवाणखान्यातल्या टेबलावरची आगगाडी वेगळी. तिला ऊन, पाऊस, माती ठाऊक नसते. पुण्यात कोथरूडला १९९८पासून असलेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय अनेकांनी पाहिले असेल. ते छपराखालचे जग आहे आणि त्याचे कौतुक वेगळे. बागेतली गाडी मात्र उघड्यावर पडलेली असते. तिथे रूळ टाकणाऱ्याला खेळणे सोडून खरोखरच रेल्वे बांधावी लागते.

या उद्योगाची मुळे शोधत गेलो की पहिला ठळक माणूस भेटतो तो इंग्लंडमधल्या डर्बीशायरचा, सर आर्थर हेवूड. केंब्रिजला शिकलेला हा सरदार घराण्यातला गृहस्थ. अभियंता म्हणून पोट भरणे त्या घराण्याला शोभणारे नव्हते, म्हणून त्याने अभियांत्रिकी हौस म्हणून केली. लहानपणी खेळण्यातल्या गाडीपासून सुरुवात करून पुढे त्याने भावंडांसाठी ९ इंच रुंदीचा मार्ग टाकला. तेव्हा त्याच्या लक्षात आले की गाडी लहान करता येते, पण तीत बसणारा माणूस लहान करता येत नाही. ९ इंचांवर माणूस बसला की डबा डोलू लागतो. म्हणून १८७४ साली डफील्ड बँक येथील आपल्या घराच्या आवारात त्याने १५ इंचांचा मार्ग बांधायला घेतला. माणसे आणि माल सुरक्षित नेणारी सर्वांत कमी रुंदी हीच, असे त्याचे मत होते. १८८१मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिले आणि १८९६मध्ये ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरच्या ईटन हॉल जहागिरीत तसाच मार्ग बांधूनही दिला.

हेवूडच्या इंजिनांवर भरपूर लिहिले गेले आहे. मला त्याचे स्लीपर महत्त्वाचे वाटतात. लाकडाऐवजी त्याने ओतीव लोखंडाचे स्लीपर वापरले. लाकूड कुजते आणि कुजलेल्या लाकडातला खिळा सैल होतो, हे त्याने बागेत अनुभवले होते. जवळपास मैलभराच्या त्या घरगुती मार्गावर त्याने झोपण्याचा डबासुद्धा चालवला. ही श्रीमंती लहर म्हणून सोडून देऊ. पण रूळ हा त्यावरून जाणाऱ्या भाराला साजेसा, ना जास्त ना कमी, असा असावा हा त्याचा आग्रह लहरीचा नव्हता. हाच विचार पुढे आपल्या सोलापूर जिल्ह्यात आला, त्याकडे येतोच.

आज बागेतल्या बहुसंख्य रेल्वे ज्या ४५ मिलिमीटर रुंदीवर धावतात, ती रुंदी मात्र हेवूडकडून आली नाही. ती आली जर्मन खेळण्यांच्या बाजारातून. १८९१च्या लाइप्त्सिशच्या जत्रेत म्यार्कलिन कंपनीने खेळण्यातल्या गाडीसाठी ठरावीक रुंदीचे, सुटे जोडता येणारे रूळ मांडले आणि रुंदींना क्रमांक दिले. तोवर प्रत्येक कारागिराची रुंदी निराळी असे. यातला पहिला क्रमांक आज आपण ४५ मिलिमीटर म्हणतो. म्यार्कलिनने तो ४८ सांगितला होता. रूळ पत्र्याच्या गोल नळीसारखे, आणि माप एका रुळाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत घेतलेले. पुढे आतल्या कडांमधले अंतर मोजण्याची रीत रुळली आणि तोच मार्ग ४५चा झाला. रूळ जागचा हलला नाही, मोजणाऱ्याची पट्टी हलली. जुन्या जमीन-मोजणीची कागदपत्रे ज्यांनी चाळली आहेत त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही.

१९००च्या पॅरिस प्रदर्शनात नॉर्थॅम्प्टनचा बॅसेट-लोक नावाचा तरुण व्यापारी जर्मनीच्या बिंग कंपनीला भेटला. इंग्रजी गाड्यांच्या प्रतिकृती जर्मनीत करवून घेऊन तो इंग्लंडात टपालाने विकू लागला. हेन्री ग्रीनली हा त्याचा आराखडेकार. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या जेवणाच्या टेबलावर मद्य आणि सिगार फिरवणारी ती प्रसिद्ध चांदीची गाडी बॅसेट-लोककडचीच. तिच्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ रंगवून सांगितले जाते. माधवराव शिंद्यांनी राजवाड्याच्या आवारात घातलेल्या दोन फुटी रुळांबद्दल मात्र कमी बोलले जाते. खरे तर मोठी गोष्ट तीच. राजाच्या हौसेतून निघालेला तो फाटा वाढत वाढत ग्वाल्हेर ते श्योपूर अशा सुमारे २०० किलोमीटरच्या सार्वजनिक रेल्वेचा भाग झाला आणि २०२०पर्यंत चालला. बागेतल्या रुळातून खरी रेल्वे उगवल्याचे असे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

दोन महायुद्धांनंतर मोठ्या मापाच्या खेळण्यातल्या गाड्या मागे पडल्या. घरे लहान झाली, गाड्याही लहान झाल्या. ४५ मिलिमीटरचे पुनरुज्जीवन केले न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने, १९६८ साली. १८८१ची ही जुनी पत्र्याच्या खेळण्यांची कंपनी युद्धानंतर पूर्व जर्मनीतले ब्रँडेनबुर्ग सोडून पश्चिमेत आली होती. रिश्टर बंधूंनी काढलेल्या या नव्या गाडीचे नाव ‘लेमान ग्रोस बान’, म्हणजे लेमानची मोठी रेल्वे. जगभर ती एलजीबी म्हणून ओळखली जाते. त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, भरीव पितळेचे रूळ आणि उन्हात टिकणाऱ्या प्लास्टिकचे स्लीपर. दुसरी जास्त हुशारीची. त्यांनी ४५ मिलिमीटरला मीटरगेज मानले.

इथे थोडे गणित करू, कारण साऱ्या उद्योगाची मौज आणि भांडणे त्यातच आहेत. युरोपातली प्रमाण रुंदी १,४३५ मिलिमीटर. ती ४५वर आणायची तर प्रतिकृती १:३२ची होते. मीटरगेज आणायची तर १:२२.५. अमेरिकेतली तीन फुटी आणायची तर १:२०.३. आपली ब्रॉडगेज, १,६७६ मिलिमीटर, आणायची तर १:३७च्या आसपास. आणि आपली अडीच फुटी नॅरोगेज आणायची तर १:१७. रूळ तोच, त्यावर उभे काय केले यावरून तो पुणे-मिरजेचा मीटरगेज होतो किंवा कुर्डुवाडी-पंढरपूरचा नॅरोगेज. मीटरगेज निवडल्यामुळे लेमानला ठेंगणी, जाड, मुलांच्या हातात न मोडणारी इंजिने करता आली. मीटरगेजची गाडी मुळातच तीव्र वळणांवर जाणारी, त्यामुळे ६० सेंटिमीटर त्रिज्येचे वळणही तिला खपून गेले. कंपनी २००६मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढच्या वर्षी म्यार्कलिनने ती विकत घेतली. म्हणजे १८९१चा तो क्रमांक फिरून मूळ घरी आला.

आता मूळ मुद्दा. रूळ लहान केला, इंजिन लहान केले. ऊन कसे लहान करणार?

पितळ दर मीटरमागे, तापमान एका अंशाने वाढले की, ०.०१९ मिलिमीटर वाढते. सोलापूर-बार्शीकडे डिसेंबरच्या पहाटे पारा १०-१२ अंशांवर येतो आणि मे महिन्यातल्या दुपारी उन्हात पडलेला रूळ ६०च्या घरात जातो. फरक ५० अंशांचा. दहा मीटर पितळी रूळ एवढ्या फरकात साडेनऊ मिलिमीटर वाढतो. ॲल्युमिनियम असेल तर साडेअकरा. पोलाद बरे, सहाच्या आसपास. वाढायला जागा नसेल तर रूळ सरळ राहत नाही, सापासारखा वळतो. परसातल्या माझ्या अठरा मीटरच्या वाटेवर पहाटे आणि दुपारी जोडातली फट फीलर गेजने मोजण्याची मला सवय लागली आहे. पुस्तकातला गुणक डोळ्यांसमोर उघडझाप करतो.

मोठ्या रेल्वेने हा प्रश्न दोनदा सोडवला. पहिल्यांदा १८४७ साली, विल्यम ब्रिजेस ॲडम्सने फिशप्लेटचे पेटंट घेतले तेव्हा. दोन रुळांच्या टोकांना दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावायच्या, बोल्ट आवळायचे, पण रुळाचे भोक बोल्टापेक्षा मोठे ठेवायचे. पट्टी रुळाला धरते आणि सरकूही देते. गाडीचा तो ‘धडक-धडक’ आवाज या फटीचा. दुसऱ्यांदा विसाव्या शतकात, रूळ एकमेकांना वितळवून जोडले तेव्हा. तिथे फटच नाही. उन्हात रुळात प्रचंड ताण साठतो आणि जड स्लीपर व खडी त्याला दाबून धरतात. टोकांकडचा थोडा भाग सोडला तर मधला रूळ हलतच नाही.

बागेत हा दुसरा उपाय चालत नाही, आणि का चालत नाही हे मला कुठल्याही पुस्तकात सरळ लिहिलेले मिळाले नाही. मीच कागदावर मांडले. उन्हाने रुळात येणारा जोर रुळाच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतो. प्रतिकृती २२.५ पट लहान केली की हा जोर त्याच्या वर्गाने कमी होतो. खडीची पकड मात्र वजनावर ठरते आणि वजन घनाने कमी होते. म्हणजे रुळाच्या जोराच्या मानाने खडीची पकड २२.५ पट दुबळी पडते. गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात प्राण्यांच्या हाडांबद्दल मांडलेला नियमच इथे लागू होतो. बागेतली खडी दिसायला हुबेहूब असली तरी ती रूळ धरू शकत नाही. म्हणून अनुभवी लोक रूळ सिमेंटला घट्ट आवळत नाहीत. तो खडीत तरंगता ठेवतात, किंवा स्क्रू मारलाच तर लांबट भोकात आणि अर्धवट आवळून. वळण असेल तर उत्तम, कारण वळण उन्हात थोडे बाहेर फुगते आणि रात्री परत येते. दोन टोकांना दोन भिंती आणि मध्ये लांबलचक सरळ मार्ग, ही सर्वांत वाईट रचना.

जोड सरकता ठेवायचा, तर त्यातून वीजही जायला हवी, कारण बहुतेक छोटी इंजिने रुळांतूनच वीज घेतात. सरकता जोड सैल असतो, सैल जोडात धूळ आणि ओल शिरते, पितळ काळवंडते, आणि फिरत्या वाटेच्या लांबच्या टोकाला इंजिन दमल्यासारखे चालते. लोक इंजिन उघडून बसतात, दोष जोडात असतो. यावर उपाय म्हणून जोडपट्टीच्या आत ग्राफाइटचा लेप लावतात. तो वंगणही होतो आणि वीजही जाऊ देतो. ॲल्युमिनियमवर मात्र इलाज नाही, त्याच्या अंगावर चढणारा थर विजेला अडवतो. तिथे बॅटरीचे किंवा खरेखुरे वाफेचे इंजिन चालवावे.

हे वाचताना मी थबकलो, कारण ग्राफाइट मला आधी भेटला होता. भारतीय रेल्वेत पावसाळा संपला की, ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, जोड उघडून फिशप्लेटना तेलपाणी करण्याचा नियम आहे. पट्टीच्या आतून लावायचे ते ‘प्लंबॅगो’ आणि रॉकेल यांचे घट्ट मिश्रण. प्लंबॅगो म्हणजे ग्राफाइटच. गँगमन त्याला नुसते ‘काळे’ म्हणताना मी ऐकले आहे. बोल्टाला वेगळे तेल. हे काम उन्हाळ्याच्या आधी संपवायचे, नाही तर पट्टी गंजून रुळाला चिकटते आणि एप्रिलात रूळ सरकायला जागा शोधतो, मिळाली नाही की वाकतो. न्यूरेंबर्गच्या बागेतला हौशी माणूस आणि कुर्डुवाडीचा गँगमन एकमेकांना कधी भेटले नसतील. दोघांनीही तोच काळा लेप दिवाळीनंतरच्या थंडीत त्याच जागी लावला.

मातीबद्दल युरोपातली पुस्तके आपल्या कामाची नाहीत. ती गोठणाऱ्या मातीबद्दल बोलतात. आपला शत्रू काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर टाकलेली वाट एका वर्षात लाटांसारखी होते. मोठ्या रेल्वेचे भरावही काळ्या मातीत याच दुखण्याने खचतात आणि उपायही तोच, काळी काढून मुरूम भरणे. बागेत वीतभर खोल चर खणून मुरूम कुटून घातला, वर दगडाची कच आणि तिची चुरी मिसळून पसरली, तर पाणी खाली निघून जाते. नदीतले गोटे दिसायला सुंदर, पण गोल असल्यामुळे एकमेकांवरून घसरतात. खडी कोनांची हवी, कोन एकमेकांत अडकतात.

आणि गाडी घसरते कुठे? जिथे चाक उतरलेले दिसते तिथे दोष क्वचित असतो. तो बहुधा थोडा मागे असतो. एक रूळ किंचित खचलेला, मग वाटेला पीळ पडलेला. चार चाकांचा ताठ डबा पिळलेल्या वाटेवर तीन चाकांवर उभा राहतो, चौथे चाक हलके होते आणि पुढच्या वळणावर किंवा सांध्यावर रुळावर चढते. म्हणून मोठ्या रेल्वेतही अपघातानंतर घसरल्या जागेच्या मागची वाट आधी मोजतात. बागेत यासाठी लहानसा पाणसळ पुरतो. आडवा धरून वीत-वीत पुढे सरकायचे, बुडबुडा जिथे बाजू बदलतो तिथे खाली कच सारायची. कीमन रोज सकाळी चावी आणि हातोडा घेऊन चालतो ते हेच काम.

आता बार्शी. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ही अडीच फुटी रेल्वे बांधली. ती १८९७मध्ये सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत वाढली. (याच कॅल्थ्रॉपने नंतर वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केले; पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) त्याचे मूळ सूत्र असे होते की कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. इंजिन असो वा डबा, सर्वांचा भार सारखा वाटायचा, म्हणजे वारभर ३० पौंड वजनाचा हलका रूळ पुरतो आणि खर्च उतरतो. डबे आणि इंजिन भारतात पाठवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे खास मार्ग टाकून त्याने ते लोकांना चालवून दाखवले. हेवूडचा भाराला साजेसा रूळ इथे वारकऱ्यांच्या गर्दीखाली आला. बार्शी लाइटला ‘खेळण्यातली गाडी’ म्हणून हिणवणारे लिखाण आपल्याकडे पुष्कळ आहे. ते मला पटत नाही. ज्या रुळांनी इतकी वर्षे आषाढी-कार्तिकीची गर्दी आणि लातूरचे धान्य वाहिले, त्यांना खेळणे म्हणणे हे गणित न करता बोलणे आहे.

हे गणित बागेत उतरवताना एक पेच येतो. बाजारातल्या एलजीबी रुळाची उंची ८.४३ मिलिमीटर. मीटरगेजच्या १:२२.५ प्रमाणात ती खऱ्या १९० मिलिमीटरची होते. आज ब्रॉडगेजवर असलेला ६० किलोचा दणकट रूळही १७२चाच आहे. बार्शीच्या १:१७ प्रमाणात ती १४३ होते, म्हणजे वारभर ९० पौंडी, मुख्य मार्गावरच्या ब्रॉडगेज रुळाइतकी. कॅल्थ्रॉपचा ३० पौंडी रूळ तीन इंचांच्या आसपास उंच, बागेत तो अर्ध्या सेंटिमीटरपेक्षाही थोडा कमी हवा. म्हणजे बाजारातला रूळ टाकून बार्शी दाखवली, तर कॅल्थ्रॉपने जे सिद्ध केले तेच पुसले जाते. पातळ, ६.३५ मिलिमीटरचे रूळही मिळतात. पण जाड रुळावर माणसाचा पाय पडला तरी तो टिकतो, आणि बागेत पाय पडतोच. पोरांचे, मांजराचे, माळ्याचे. टिकाऊपणा की खरेपणा, यात मी खरेपणा निवडला आहे आणि वाटेच्या कडेने दगडी पाऊलवाट केली आहे.

बार्शी रेल्वेचे खरे रूळ उखडून विकले गेले, पण सगळे वितळले नाहीत. सोलापूर, धाराशिव, लातूर, सांगली या भागात ते गोठ्याच्या खांबांत, विहिरीच्या रहाटात, जुन्या माळवदाखाली आणि शाळेच्या घंटेत सापडतात. रुळाच्या पोटावर, म्हणजे मधल्या उभ्या पट्टीवर, कारखान्याचे नाव, वजन आणि साल उठावाच्या अक्षरांत असते. गंजाखाली बोट फिरवले तर लागते. या भागातल्या वाचकांनी आपल्या गावातली शाळेची घंटा एकदा निरखून पाहावी. अक्षरे दिसली तर वर ओला कागद दाबून शिसपेन्सिलीने ठसा घ्यावा. पेन्सिलीतले शिसे म्हणजेही ग्राफाइटच. ठसा या अंकाच्या पत्त्यावर पाठवला तर तो माझ्यापर्यंत पोहोचेल. गावाचे नाव आणि रुळाची उंची तेवढी सोबत लिहावी. उंची मिलिमीटरमध्ये, तळापासून माथ्यापर्यंत.